बेटकुळीची कुळकथा

मीरा रोडच्या व्यायामशाळेत माझ्या शेजारी डंबेल उचलणारा उत्तरेकडचा मुलगा मित्राला म्हणाला, ‘‘मछली देख मेरी!’’ मी थबकलोच. आमच्या दंडात बेटकुळी, म्हणजे छोटासा बेडूक; त्याच्या दंडात मासा! कातडीखाली काहीतरी जिवंत वळवळतंय, हे मात्र दोघांनाही दिसलेलं.

घरी येऊन शब्दकोश उघडले. इंग्रजी ‘मसल’ लॅटिन ‘मस्क्युलस’मधून आला, आणि मस्क्युलस म्हणजे छोटासा उंदीर. ग्रीकांचा ‘मीस’ तर उंदीरही आणि स्नायूही; आपला मूषक त्याच घराण्यातला. लॅटिनमध्ये दंडाला ‘लॅसर्टस’ म्हणतात आणि सरड्यालाही. हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. उंदीर, मासा, बेडूक शेजारी असताना एकट्या सरड्यालाच योगायोग का म्हणायचं?

‘स्नायू’ची गोष्ट वेगळी. सुश्रुतसंहितेत 900 स्नायू आणि 500 मांसपेशी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. तिथला स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा तंतू. मराठीने दोरीचं नाव मांसाला दिलं.

पण बेटकुळीत ‘ट’ कुठून आला? दंडावर उठलेलं बेट, अशीही व्युत्पत्ती सुचेल. मी ती साफ नाकारतो. ‘बेडकुळी’ हा शब्द घाईघाईने चारदा म्हणून पाहा. ‘क’ला टेकलेला ‘ड’ आपोआप ‘ट’ होतो. बेट पाण्यात स्थिर असतं, बेटकुळी ‘काढून’ दाखवतात. कोपर वाकवलं की ती पाय पोटाशी घेऊन बसते, हात सरळ केला की लांबट होऊन पसरते. उंदराला हे जमत नाही. तो नुसता पळतो.

वैद्यकाने मात्र डोकी मोजली आणि नाव ठेवलं द्विशिर. साधारण दहा माणसांत एकाच्या दंडात तिसरं डोकं सापडतं. बहुधा ते खांद्याकडून न येता थेट दंडाच्या हाडावरून निघतं. त्या माणसाचा द्विशिर नावापुरताच. बेटकुळीने डोकी कधी मोजलीच नाहीत, म्हणून ती त्याच्याही दंडात चपखल बसते.

परवा उत्तनला होडी ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळ्याचा दंड पाहिला. दोर ताणला की कातडीच्या सुरकुत्या मिटत, गोळा खांद्याकडे सरके. दोर सैल होताच पुन्हा खाली उतरे. शेजारचा नातू स्वतःची मूठ आवळून दंड चाचपत होता.