लिनक्सवर बॉइंकला ग्राफिक्स कार्ड दिसत नाही? आधी या ५ गोष्टी तपासा

रात्रभर कॉम्प्युटर चालू, विजेचं मीटर फिरतंय, पण ग्राफिक्स कार्ड मात्र झोपलेलं! ‘बॉइंक’ वापरणाऱ्यांना लिनक्सवर हा अनुभव बऱ्याचदा येतो.

बॉइंक म्हणजे काय?

घरच्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद विज्ञानाला देणारं हे मोफत सॉफ्टवेअर. ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात तयार झालं. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा त्यावरचा एक प्रकल्प. तो ‘लायगो’च्या नोंदींमध्ये गुरुत्वीय लहरी शोधतो. याच लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात होणार आहे. २०१० मध्ये या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक नवा पल्सार सापडला होता!

अशा कामात एकसारखी हजारो गणितं असतात. ग्राफिक्स कार्ड ती एकाच वेळी सोडवतं, म्हणून ते चालू असणं महत्त्वाचं.

सुरुवात कुठून करायची?

बॉइंक मॅनेजरमधला ‘इव्हेंट लॉग’ उघडा. सुरुवातीच्या ओळींत कार्डाचं नाव दिसलं, तर थेट पाचवा मुद्दा वाचा. ‘नो युजेबल जीपीयूज फाउंड’ असं दिसलं, तर क्रमाने पुढे जा.

१. ड्रायव्हर

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड द्या. कार्डाची माहिती आली तर ड्रायव्हर ठीक आहे. एरर आली तर कंपनीचा ड्रायव्हर टाका. लिनक्ससोबत येणारा ‘नूवो’ ड्रायव्हर स्क्रीन दाखवतो, पण या कामाला पुरत नाही. कर्नल अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करा आणि ‘सिक्युअर बूट’ त्याला अडवत नाही ना, तेही पाहा.

२. ओपनसीएल

गेम चालतो, पण बॉइंक चालत नाही? मग बहुधा ओपनसीएल नाही. ‘सीएलइन्फो’ ही कमांड द्या. ‘नंबर ऑफ प्लॅटफॉर्म्स’समोर शून्य आलं, तर तुमच्या कार्डाच्या कंपनीचं ओपनसीएल पॅकेज टाका.

३. परवानगी

ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही. डेबियन आणि उबुंटूवर बॉइंक तुमच्या नावाने नाही, तर ‘बॉइंक’ नावाच्या वेगळ्या युजरने चालतं. तुम्हाला कार्ड दिसतं, त्याला दिसत नाही. त्या युजरला ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ या ग्रुपमध्ये घाला. ‘यूजरमॉड’ कमांडमध्ये छोटा ‘ए’ विसरू नका, नाहीतर तो आधीच्या ग्रुपमधून बाहेर पडेल.

४. रीस्टार्ट

बॉइंक सुरू होतानाच कार्ड शोधतं. ड्रायव्हर त्यानंतर जागा झाला, तर कार्ड सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर बॉइंकची सर्व्हिस रीस्टार्ट करा. कॉम्प्युटर ‘स्लीप’मधून उठल्यावर कार्ड गायब झालं, तरी आधी हाच उपाय करा. तेवढ्याने भागलं नाही तर कॉम्प्युटरच रीस्टार्ट करा.

५. सेटिंग

कधी कधी बिघाड नसतोच. तुम्ही माउस हलवत असाल तर बॉइंक कार्डाचं काम थांबवतं. हे सेटिंग बदलता येतं. शिवाय सगळ्या प्रकल्पांकडे ग्राफिक्स कार्डासाठी काम नसतं. तुमच्या प्रकल्पाच्या साइटवर ते एकदा तपासा.

सगळं सुरू झालं, आता?

तापमानावर लक्ष ठेवा. कार्ड पूर्ण ताकदीने चालतं तेव्हा खोली तापते आणि वीजबिलही वाढतं. उन्हाळ्यात फक्त रात्री चालवलं तरी चालेल. विज्ञानाला मदत करा, पण कार्ड जाळून नको!