भीमेचे मासे आणि गळाचे दिवस

सोलापूर जिल्हा म्हटला कीं अवर्षण, ज्वारीचीं शेतें, चादरी आणि पंढरीची वाट यांचें स्मरण होतें. मासे सहसा कोणाच्या मनांत येत नाहींत. परंतु गळानें मासे धरण्याच्या विद्येवरील भारतांतील एक अतिशय जुना व तपशीलवार लेख याच मुलखाच्या शेजारीं लिहिला गेला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें इ. स. 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. राजाच्या करमणुकींत त्यानें 'मत्स्यविनोद' हें एक प्रकरण घातलें असून समुद्रांतील व नदींतील मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे मासे असे भेद त्यांत केले आहेत. दोरी, काठी व गळ कसे असावेत आणि कोणत्या माशाला कोणतें खाद्य घालावें, हेंही सांगितलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं 1951 सालीं या प्रकरणाचा स्वतंत्र परामर्श घेतला.

त्यानंतर सातशें वर्षांनीं भीमेच्या खोऱ्यांतील माशांची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनीं केली. मुंबई सरकारच्या वतीनें 1824 पासून ते दख्खनची पाहणी करीत होते. त्यांचा माशांवरील निबंध 1838-39 च्या सुमारास इंग्लंडांत प्रसिद्ध झाला. त्यांची एक गोष्ट विशेष वाखाणण्यासारखी आहे: नव्या जातींना लॅटिन नांवें देतांना त्यांनीं अनेकदां लोकांच्या तोंडचीच नांवें घेतलीं. आपला शिंगाळा 'सींघाला' झाला, तर ज्याच्या नाकाडावर खोल खांच असते तो नकटा 'नुक्ता' झाला. महसीराची 'खुद्री' ही जातही त्यांनींच जगापुढें आणिली. अशा रीतीनें भोयांची भाषा शास्त्रांत कायमची राहिली.

गळाचे हंगाम ठरतात ते पावसावरून. मृगाचा पाऊस पडून नद्यांना लाल पाणी आलें कीं मासे प्रवाहाविरुद्ध चढूं लागतात व अंडीं घालतात. या दिवसांत त्यांना धरणें सोपें असतें. परंतु एक मादी मारली तर सहस्रावधि पिलांचा नाश होतो. हस्ताचा पाऊस सरून पाणी निवळलें म्हणजे महसीरासारख्या जोरकस माशासाठीं खरा हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यांत नदीची धार तुटते आणि मासे डोहांत कोंडले जातात. तेव्हां शिंगाळा व वाम यांचा आसरा खोल पाण्यांतच असतो. मरळ हवेंतूनही श्वास घेत असल्यामुळें आटत्या तळ्यांत टिकून राहतो. 1871 सालीं पूर्ण झालेल्या एकरूख तलावासारख्या स्थिर पाण्यांनीं अशा माशांना नवें घर दिलें.

मात्र 1980 सालीं भीमेवर उजनी धरण पूर्ण झालें आणि हें चक्र पालटलें. धरणामुळें जिल्ह्याची तहान भागली व ऊस वाढला, हें कोणी नाकारणार नाहीं. पण वाहत्या नदीच्या जागीं विस्तीर्ण जलाशय झाला आणि चढणीच्या माशांची वाट अडली. गंगेच्या खोऱ्यांतील कटला व रोहू यांचें बीज सोडण्यांत आलें. मूळची आफ्रिकेची चिलापी तर इतकी फोफावली कीं जाळ्यांत बहुधा तीच सांपडते. तिला मृगाची वाट पाहावी लागत नाहीं. वर्षांतून अनेकदां ती वितें.

आपल्याकडे तीर्थाच्या डोहांतील मासे न मारण्याची जुनी रीत आहे. महाडजवळील वाळण कोंडींतील महसीर तिच्याच बळावर राहिले. लोणावळ्यास वळवण येथें महसीराची कृत्रिम पैदासही होते. परंतु पिलें सोडलीं तरी त्यांना चढण्यास वाहतें पाणी आणि पावसाळ्यांत अभय हीं हवींतच. नकटा हें नांव लंडनच्या ग्रंथांत सुरक्षित आहे. तो मासा भीमेच्या पाण्यांत राहावा, ही जबाबदारी मात्र तिच्या कांठीं राहणाऱ्या आपणां सर्वांची आहे.