त्वचेचा कर्करोग

त्वचेतील पेशींच्या बेलगाम वाढीमुळे होणारा रोग. गोऱ्या कातडीच्या लोकांच्या देशांत तो फार आढळतो आणि त्याचे मुख्य कारण ऊन. आपल्याकडे मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण बरेचसे अडवते, त्यामुळे भारतातील एकूण कर्करोगांत त्याचा वाटा अगदी थोडा. कडेगावसारख्या (जि. सांगली) ऊसपट्ट्यात जन्मभर उन्हात राबलेल्यांच्या बाबतीतही उन्हापेक्षा जुन्या जखमा, भाजल्याचे व्रण आणि तळपाय यांच्याकडे आधी पाहावे.

बेसल सेल कार्सिनोमा जगात सर्वाधिक होतो. नाक, पापणी, गालावर चकाकणारी गाठ येते. सावळ्या कातडीवर ती काळसर दिसते आणि तीळ म्हणून खपून जाते. तो क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी हाडापर्यंत पोखरतो.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा भारतात तुलनेने अधिक. भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवर तो उद्भवतो तेव्हा त्याला मार्जोलिन व्रण म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 साली ‘धोतराचा कर्करोग’ नोंदवला. धोतराच्या काचाने कंबरेवर होणारा. साडी नेसणाऱ्या बायकांनाही परकराच्या नाडीच्या काचाने तो होतो. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या दोन रुग्णांपैकी एक बाई परकराविना लुगडे कंबरेला घट्ट आवळून नेसणारी होती. नाडीची किंवा लुगड्याची गाठ रोज त्याच जागी बसते, घाम आणि धूळ साचते, कातडी काळवंडते, सोलते, चिरते आणि भरून यायच्या आत पुन्हा काचते. असे रुग्ण मोजकेच. प्रत्येक काच म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र महिना-दीड महिना मलम लावूनही न भरणारी, कडा उलटलेली, हात लागताच रक्त येणारी जखम डॉक्टरांना दाखवावी. नाडी सैल बांधणे, गाठीची जागा बदलणे हा साधा उपाय आहे.

मेलॅनोमा विरळा, पण सर्वांत घातक. आपल्याकडे तो बहुधा तळपाय, तळहात वा नखाखाली होतो. तेथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले 1981 मध्ये पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालेल्या मेलॅनोमानेच गेला. उसाच्या खोडक्यांत अनवाणी वावरणाऱ्याला तळव्यावरचा काळा डाग मोडलेल्या काट्याचा वाटतो, नखाखालचा मार लागल्याचा. साकळलेले रक्त नख वाढेल तसे पुढे सरकते. मेलॅनोमाची काळी रेघ मुळाशी कायम राहते, रुंदावते आणि रंग नखालगतच्या कातडीवर उतरतो.

निदान तुकडा काढून तपासूनच होते. तुकडा काढल्याने रोग चवताळतो, ही समजूत निराधार आहे. मुख्य उपचार शस्त्रक्रिया: आजूबाजूच्या निरोगी कातडीसह गाठ काढतात. कडेगावकरांना त्यासाठी मिरज वा कराड गाठावे लागते. तळव्यावरचा मेलॅनोमा पसरतो तेव्हा जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) येते. रुग्ण कित्येकदा तेच आधी दाखवतो, म्हणून अवधाण दिसले की डॉक्टरांनी पायातली चप्पल काढायला सांगून तळवा पाहावा.