विमा प्रतिनिधींचे प्रशिक्षण : वर्गात की संगणकावर?

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील यांत्रिक नौका १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस किनाऱ्याला असतात. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारीबंदीचा हा काळ. मासळीचा पैसा थांबतो, नौका व जाळ्यांच्या दुरुस्तीचा खर्च मात्र थांबत नाही. अशा कुटुंबाला मासिक हप्त्याची आयुर्विमा पॉलिसी दिली, तर थकलेल्या हप्त्यासाठी अवघे १५ दिवस मिळतात. तिमाही, सहामाही वा वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. पहिल्याच वर्षी ती मुदत टळली आणि नंतर घरच्या कर्त्यावर प्रसंग ओढवला, तर वारसांच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. वार्षिक हप्ता ऐन हंगामात यावा अशी तारीख सुचवणे हे प्रतिनिधीचे काम. ही समज त्याला वर्गात मिळते की संगणकाच्या पडद्यावर, असा हा प्रश्न आहे.

खासगी विमा कंपन्यांना दारे उघडल्यानंतर विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २००० मध्ये नियम केले. नव्या प्रतिनिधीस १०० तासांचे, तर आयुर्विमा व सर्वसाधारण विमा अशा दोन्हींसाठी १५० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. २००७ मध्ये हे तास अनुक्रमे ५० व ७५ वर आले. वर्गांबरोबरच ऑनलाइन प्रशिक्षण देणाऱ्या संस्थाही मान्यता घेऊन या क्षेत्रात उतरल्या. २०१५ च्या विमा कायदा दुरुस्तीने प्रतिनिधीचा परवानाच रद्द केला आणि नेमणुकीचा अधिकार कंपन्यांकडे गेला. 'परवाना' हा शब्द मात्र बोलण्यात टिकून आहे. मर्यादित, सोप्या पॉलिसी विकणाऱ्या 'पॉइंट ऑफ सेल' व्यक्तीला तर १५ तासांचे प्रशिक्षण पुरते.

ऑनलाइन पद्धतीची बाजू लंगडी नाही. पहाटे ससून डॉक गाठणाऱ्या आणि दुपारपर्यंत मासळी विकणाऱ्या महिलेला सकाळच्या वर्गाला बसता येणार नाही. रात्री मोबाइलवर धडा उघडता येईल. न समजलेला भाग पुन्हा पाहण्याचीही सोय असते. अडचण मोजमापाची आहे. पान किती वेळ उघडे होते हे यंत्र सांगते, वाचणाऱ्याला काय उमगले ते नव्हे. अर्थात हजेरीपटावरील सहीदेखील याहून अधिक काही सांगत नाही.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. ऑनलाइन शिकणारे किंचित सरस, तर दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारे अधिक सरस, असे त्यात आढळले. मात्र अशा विद्यार्थ्यांना पुष्कळदा वेळ आणि साहित्यही जास्त मिळाले होते. त्यामुळे श्रेय केवळ माध्यमाला देऊ नये, असा इशारा त्याच अहवालात आहे. तास कमी करत जाणाऱ्या आपल्या व्यवस्थेने हा इशारा विशेष लक्षात घ्यायला हवा.

परीक्षा मराठीतूनही देता येते. प्रश्न बहुपर्यायी असतात. व्याख्या, कलमे, हप्त्याचे प्रकार यांची तयारी पडद्यावर उत्तम होते. प्रस्तावपत्र भरण्याचे तसे नाही. 'मधुमेह आहे का?' या रकान्यात, विक्री अडू नये म्हणून प्रतिनिधीने 'नाही' लिहिले, तर विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. चूक प्रतिनिधीची, फटका विधवेला! आजार लपवू पाहणाऱ्या ग्राहकाशी कसे बोलावे, हप्ता किती पेलेल हे कसे विचारावे, याचा सराव समोरासमोर बसूनच होतो. चूक तेथल्या तेथे दाखवणारा शिक्षक हाच वर्गाचा खरा फायदा. नियम ऑनलाइन शिकवून उरलेले तास अशा सरावाला देणे म्हणूनच अधिक उपयुक्त.

इंग्रजीत भरलेल्या प्रस्तावपत्रावर ग्राहकाने मराठीत सही केली किंवा अंगठा उठवला, तर मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे निवेदनही सोबत जोडावे लागते. सरावाची सुरुवात या निवेदनापासूनच करता येईल.