बँकव्यवसायाचे संगणकीकरण, भारतातील

बँकांतील हिशेबलेखन, निधी-हस्तांतर व ग्राहकसेवा ही कामे संगणक व दूरसंचार-जाळ्यांच्या साहाय्याने करण्याची प्रक्रिया. भारतात तिची गती केवळ यंत्रांच्या उपलब्धतेवर नव्हे, तर कर्मचाऱ्यांशी झालेले करार, रिझर्व्ह बँकेचे निर्देश व कायदे यांवरही अवलंबून राहिली.

१९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा व खाती झपाट्याने वाढली. खतावणी, व्याजाची आकारणी व आंतरशाखीय नोंदींचा मेळ ही कामे मुख्यतः हातांनी होत असल्याने ती तुंबू लागली. तथापि यंत्रांमुळे रोजगार घटेल, या भीतीपोटी कर्मचारी संघटनांचा संगणकास विरोध होता. १९८३ मध्ये भारतीय बँक संघ व प्रमुख कर्मचारी संघटना यांच्यात करार होऊन यंत्रांच्या मर्यादित वापरास संमती मिळाली. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये टप्प्याटप्प्याने यांत्रिकीकरणाची योजना सुचविली. चुंबकीय शाईने छापलेल्या संकेतांकांवरून धनादेशांची यांत्रिक वर्गवारी महानगरांत याच दशकात सुरू झाली. १९८७ मध्ये मुंबईत रोकड देणारे देशातील पहिले स्वयंचलित यंत्र बसविण्यात आले.

या टप्प्यात शाखांतील यंत्रे बहुधा परस्परांशी जोडलेली नव्हती. १९९० नंतर स्थापन झालेल्या खाजगी बँकांनी खाती मध्यवर्ती संगणकावर ठेवण्याचा मार्ग अनुसरला व पुढे सरकारी बँकांनीही तो स्वीकारला. परिणामी खातेदार एका शाखेचा न राहता बँकेचा झाला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने (२०००) इलेक्ट्रॉनिक अभिलेखांस वैधता दिली. इंटरनेटवरील बँकव्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. मोठ्या रकमांच्या तत्काळ हस्तांतराची ‘आरटीजीएस’ (२००४), सर्वसाधारण हस्तांतराची ‘एनईएफटी’ (२००५) व भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची ‘यूपीआय’ (२०१६) या व्यवस्था त्यानंतरच्या होत.

केंद्रीकरणाने सोय वाढली, तशी जोखीमही एकवटली. पूर्वी एका शाखेतील अफरातफर बहुधा तेथपुरती मर्यादित राहत असे. याउलट ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकव्यवस्थेत शिरकाव करून, बनावट कार्डांद्वारे अनेक देशांत रोकड काढून व परदेशी रक्कम वळवून, सु. ९४ कोटी रुपये अल्पावधीत लुबाडण्यात आले. अशा प्रसंगी नुकसान कोणी सोसावयाचे, हा कळीचा प्रश्न ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार, बँक वा ग्राहक यांचा दोष नसताना झालेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत दिल्यास त्याच्यावर दायित्व येत नाही. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकण्यात आली. खतावणीवरील लघुस्वाक्षरीने पूर्वी निश्चित होणारे उत्तरदायित्व अशा रीतीने नियमांद्वारे नव्याने ठरवावे लागले.