हरवलेली अंगठी आणि तिचा शोधक

१८८१ सालच्या जुलै महिन्याच्या दुसऱ्या तारखेस वॉशिंग्टनच्या रेल्वेस्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने गोळ्या झाडल्या, आणि त्यांतील एक गोळी पाठीतून शिरून देहात नेमकी कोठे दडली आहे याचा पत्ता राजधानीतल्या नामांकित वैद्यांनाही लागेना, तेव्हा टेलिफोनच्या शोधाने नुकतेच विख्यात झालेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल या कामी आपण होऊन पुढे आले. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप चौदा वर्षे होती. जखमेत बोटे व सळया घालून चाचपणे एवढाच वैद्यांचा उपाय होता, आणि त्या चाचपणीनेच जखम नासत चालली होती. लंडनच्या डेव्हिड ह्यूजेस यांनी १८७९ साली तारेच्या वेटोळ्यांचा जो विद्युत्-तराजू सिद्ध केला होता, त्यालाच टेलिफोनचा कर्णा जोडून बेल यांनी २६ जुलैस आणि पुन्हा १ ऑगस्टला अध्यक्षांच्या शय्येपाशी प्रयोग केला. तो निष्फळ ठरला. अध्यक्षांच्या गादीत पोलादी तारा होत्या हे बेल यांना मागाहून कळले. शिवाय गोळी उजवीकडेच असणार या दृढ समजुतीने प्रमुख वैद्य डॉ. ब्लिस यांनी डावी बाजू तपासूच दिली नाही, आणि १९ सप्टेंबरला अध्यक्षांचा अंत झाल्यावर शवविच्छेदनात गोळी निघाली ती डाव्या बाजूस! देहातली गोळी हुडकण्यासाठी जन्मलेल्या आणि पहिल्याच महत्त्वाच्या प्रसंगी अपयशी ठरलेल्या त्या यंत्राच्याच वंशातले यंत्र आज सागरतीरावर कोणा नववधूची वाळूत गडप झालेली अंगठी शोधून काढते.

त्या यंत्राचे मूलतत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह खेळविला की त्याच्या भोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. त्या क्षेत्राच्या आवाक्यात धातूची वस्तू आली की तिच्या अंगात लहान लहान प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे असे एक क्षीण क्षेत्र निर्माण होते, आणि दुसरे वेटोळे ते टिपून कानाला कळविते. पुढे जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले गेरहार्ड फिशर हे विमानांना दिशा दाखविणाऱ्या रेडिओयंत्रांवर काम करीत असता, भूमीतील धातूंमुळे त्या यंत्रांची गणिते चुकतात हे त्यांच्या ध्यानी आले. जो दोष इतरांना जाच वाटत होता त्यातच त्यांनी नव्या साधनाचे बीज पाहिले, आणि १९३७ साली त्यांना आपल्या धातुशोधकाचे पेटंट मिळाले.

परंतु या यंत्राला खरी पायपीट शिकविली ती युद्धाने. शत्रूने पेरलेले सुरुंग सैन्याच्या वाटेतून काढणे हे दुसऱ्या महायुद्धातील अत्यंत जीवघेणे काम होते, आणि ते सुयोग्य साधनांवाचून कसे करावे लागे याचा दाखला आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स पलटणीच्या इतिहासातच आहे. १९४१ सालच्या आरंभी सुदान-अबिसीनियाच्या सरहद्दीवर इटालियन सैन्याचा पाठलाग चालू असता सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत यांनी तुकडीच्या अग्रभागी राहून चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रे हुडकून मोकळी केली. त्यांच्या खालचे वाहन दोनदा स्फोटाने उडाले, स्फोटाने कानाचा एक पडदा फाटला, तरीही बदली घेण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉसने गौरविले गेलेले ते दुसऱ्या महायुद्धातील पहिले भारतीय अधिकारी ठरले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये आश्रयास असलेले पोलिश सेनेतील युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. त्याचे वजन चौदा किलोच्या आतच होते. १९४२ च्या शरदात एल् अलामेनच्या रणभूमीवर अशी पाचशे यंत्रे उतरली, आणि सुरुंग काढण्याचा वेग त्यांच्यामुळे दुपटीवर गेला असे सांगतात. कोसात्स्कींनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. ते यंत्र त्यांनी ब्रिटिश सैन्याला विनामूल्य दिले आणि त्याबद्दल राजाचे आभारपत्र तेवढे स्वीकारले. ज्या शोधकाने आपल्या शोधावर हक्क सांगितला नाही, त्याच्या यंत्राने पुढे परक्यांच्या हरवलेल्या वस्तू त्यांना परत मिळाव्यात, हे मला त्याच्या स्मृतीला साजेसेच वाटते.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या गुदामांतली ही यंत्रे भंगाराच्या भावाने विक्रीस निघाली, ट्रान्झिस्टरने ती हलकी केली, आणि साठीच्या दशकापासून इंग्लंड-अमेरिकेत नाणी व दागिने शोधणाऱ्यांचा एक वर्गच उदयास आला. त्या वर्गात लुटारूही निघाले. प्राचीन वसाहतींच्या जमिनी रात्री चोरून उकरणारे लोक तेथील पुराणवस्तुतज्ज्ञांना इतके नकोसे झाले की १९८० साली त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम उघडावी लागली. पण त्याच वर्गात असेही लोक निघाले, की ज्यांनी हरवलेली अंगठी शोधून धन्याच्या हाती देणे हेच आपले काम मानले, आणि प्रस्तुत विषय त्यांचा आहे.

अंगठी हरवते कशी? थंड पाण्यात बोट आक्रसते, ओल्या त्वचेवरून वळे सुटते, आणि लाटेच्या उसळीत ते गेले हे कळायच्या आत समुद्र त्यावर वाळूचा थर चढवून मोकळा होतो. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड असल्यामुळे प्रत्येक लाटेसरशी ते सैल वाळूतून खाली उतरत जाते आणि शिंपल्यांच्या किंवा चिकणमातीच्या घट्ट थरावर जाऊन स्थिरावते. शोधक ओहोटीची वेळ साधून येतो, हरवण्याच्या जागेपासून आखणी करून वाळूवर समांतर पट्टे पाडतो, आणि यंत्राची तबकडी जमिनीला जवळजवळ घासत डावी-उजवीकडे फिरवीत पट्ट्यामागून पट्टा चालतो. येथे अंगठीचा आकारच तिच्या उपयोगी पडतो. तिचे कडे अखंड असल्यामुळे विद्युत्प्रवाह त्यातून निर्वेध फिरतो आणि यंत्र स्पष्ट बोलते; तीच अंगठी कापली गेली असेल, किंवा सैल कड्यांची नाजूक साखळी असेल, तर सोने तितकेच असूनही आवाज अगदी मंद येतो. आणि या कामातील सर्वांत मोठी परीक्षा ती ही, की सोन्याच्या अंगठीचा आवाज आणि शीतपेयाच्या डब्याच्या ॲल्युमिनियमच्या कडीचा आवाज यंत्राला जवळजवळ एकच वाटतो. कचरा टाळावा म्हणून तो आवाज यंत्रातून गाळून टाकावा, तर अंगठीही त्याबरोबर गळते. म्हणून हाडाचा शोधक प्रत्येक कडी खणून काढतो, चाळणीच्या फावड्यात वाळू झटकतो, आणि निराश न होता पुढच्या आवाजाकडे वळतो. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच विद्युद्वाहक असल्याने ती यंत्राला चकविते, ही अडचण आणखी वेगळी.

आपल्याकडे हे यंत्र सामान्य माणसाच्या ओळखीचे आहे ते देवळाच्या किंवा कचेरीच्या दारातील पहारेकरी म्हणून. घाटांवर दोरीला लोहचुंबक बांधून नदीतली नाणी ओढणारी मुले आपण पाहतो. पोलादी नाणे त्याला चिकटते, सोने चिकटत नाही, म्हणून अंगठी पडली तर बुडी मारून हातानेच चाचपावे लागते. गणेशविसर्जनाच्या गर्दीत मूर्तीच्या अंगावरचा खरा दागिना उतरवावयाचा राहून जातो, आणि मग मांडवाची मंडळी रात्रभर तलावाचा गाळ उपसत बसतात, हे तर दर दोन-चार वर्षांनी कोठे ना कोठे घडते.

यंत्र धातू कोठे आहे एवढेच सांगते. तो कोणाचा, हे सांगण्याचे काम मनुष्याचे आणि कायद्याचे. इंग्लंडात १७२२ साली धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला रत्नजडित दागिना सापडला. तो मोल काढण्यासाठी त्याने सोनाराकडे नेला असता सोनाराच्या उमेदवाराने वजन करण्याच्या मिषाने खडे काढून घेतले, आणि वर त्याला दीड पेनी देऊ केला. पोराने तो नाकारला आणि फिर्याद केली. न्यायालयाने निवाडा दिला, की खऱ्या धन्याचा अपवाद सोडला तर सापडलेल्या वस्तूवर शोधकाचा हक्क सर्व जगाविरुद्ध टिकतो. आणि सोनार खडे हजर करीत नाही, तर त्या कोंदणात बसू शकेल अशा उत्तमातील उत्तम खड्याची किंमत धरून भरपाई द्यावी. एका निराधार पोराच्या बाजूने एवढ्या मोकळ्या मनाने न्याय उभा राहिला, याचे समाधान तीनशे वर्षांनी वाचतानाही वाटते. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेच्या ४०३ व्या कलमाखाली जी उदाहरणे दिली होती त्यांत अंगठीचेच एक होते: मौल्यवान अंगठी सापडली, धनी ठाऊक नाही, आणि त्याचा शोध घेण्याचा काहीही यत्न न करता ती तत्काळ विकली, तर तो गुन्हा. १८७२ च्या करार कायद्याने शोधकावर ठेवदाराची जबाबदारी टाकली, पण धन्याने इनाम जाहीर केले असेल तर ते मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकारही त्याला दिला. भूमीत पुरलेल्या दफिन्यासाठी १८७८ चा निराळाच कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास लेखी खबर देणे बंधनकारक आहे, आणि कोणी वारस पुढे न आल्यास व दुसरा काही ठराव नसल्यास तीन चतुर्थांश शोधकास व उरलेला जागेच्या मालकास जातो.

कायद्याच्या कितीतरी आधी कालिदासाने हा प्रश्न मांडून ठेवला आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी रोहित मत्स्याच्या पोटात राजमुद्रेची अंगठी सापडलेला धीवर प्रवेश करतो तो हात बांधलेल्या स्थितीत; रक्षकांच्या लेखी तो चोरच, आणि त्याच्या वधाची भाषाही ते करून चुकलेले असतात. राजाने अंगठी ओळखून तिच्या मोलाइतके इनाम पाठविल्यावर तो गरीब त्यातले अर्धे त्याच रक्षकांना देऊन टाकतो. ज्याला सापडले तो आधी संशयित, ही रीत किती जुनी आहे ते या प्रसंगाहून अधिक नेमकेपणाने कोणी दाखविल्याचे मला आठवत नाही.

हा संशय डोक्यावर घेऊनच ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शोधकाचा धंदा केला, ते आपल्या पेठांतले झारेकरी. सोनाराच्या दुकानात कानशीने घासताना उडालेला कीस, बागेसरीतली म्हणजे शेगडीतली राख, फुटलेल्या मुशीच्या खापऱ्या, दिवसभर बसण्याच्या जागेची झाडलोट, या सर्वांत गुंजा-गुंजांनी सोने जात असते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या केराचे मोल वेगळे सांगावयास नको. झारेकरी तो केर ठरल्या किमतीने विकत घेई, राख कुटून चाळी, उथळ भांड्यात पाण्याने खळबळून हलकी माती वाहू देई, आणि तळाशी राहिलेल्या जड गाळात पारा घालून मळी, म्हणजे सोन्याचांदीचे कण पाऱ्यात विरत. पारा आगीवर उडवून टाकला की धातूचा गोळा उरे, आणि तेजाबात टाकताच त्यातली चांदी विरघळून सोने वेगळे होई. पाऱ्याच्या वाफेने त्या माणसांच्या प्रकृतीचे काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. गुजरातेत याच धंद्याच्या लोकांस धूळधोये म्हणत, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत झारेकऱ्यांची नोंद आढळते; विदर्भाच्या पूर्वेकडील नद्यांच्या वाळूतून सोन्याचे कण धुणाऱ्या सोनझाऱ्यांविषयी रसेल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातींवरील ग्रंथात लिहून ठेवले आहे.

या व्यवहाराचा विचार करताना मला त्यातल्या विश्वासाचे महत्त्व सर्वांत अधिक वाटते. केर विकणारा सोनार त्यात किती सोने आहे हे मोजू शकत नव्हता, विकत घेणारा झारेकरी ते धुतल्याखेरीज जाणू शकत नव्हता, आणि राखेतून किसाऐवजी एखादे अख्खे वळे किंवा नथीतला मोती हाती लागला तर तो कोणाचा, हा प्रश्न ज्या क्षणी उभा राही त्या क्षणी त्याच्याजवळ पाहणारा दुसरा कोणी नसे. असा धंदा पिढ्यान् पिढ्या चालला तो शब्दाच्या खरेपणावर, करारनाम्यावर नव्हे, असे म्हणण्यास मी धजतो. मुंबईच्या झवेरी बाजारात पहाटे गल्ल्यांतली धूळ व गटारातला गाळ गोळा करणारी माणसे आजही दिसतात. त्यांच्या कामाकडे घाणेरडा उद्योग म्हणून पाहणाऱ्यांनी आपल्या बोटातल्या सोन्यापैकी थोडे तरी त्यांच्या परातीतून पुन्हा मुशीत आले असेल, हे ध्यानात घ्यावे.

यंत्राचा इतिहास आता पुष्कळ लिहिला गेला आहे. झारेकऱ्यांचा लिहिला गेलेला नाही, आणि त्याची साधने कोठे असतील तर ती जुन्या सराफी पेढ्यांच्या चोपड्यांत, केराच्या विक्रीच्या जमाखर्चात असतील. ज्या घराण्यांच्या माळ्यांवर अशा चोपड्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा आपल्या गावच्या जुन्या ग्रंथालयाला दाखवाव्यात, आणि घरात या धंद्याची माहिती असलेले कोणी वडीलधारे असतील तर त्यांच्या तोंडून ती अवश्य उतरवून घ्यावी.