बोले ठराव : पुरोगामी राजकारणाची एक कसोटी

एखाद्या लोकप्रतिनिधीस पुरोगामी हे विशेषण कशाच्या आधारे लावावे, आणि ज्यांच्या हिताची भाषा तो बोलतो त्यांनी त्याच्या पाठीशी कशाच्या भरवशावर उभे राहावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक चर्चेचा नाही. विधिमंडळांच्या इतिहासात त्याची उत्तरे विखुरलेली आढळतात. मुंबई कायदेकौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेल्या ठरावांचा वृत्तांत या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

बोले हे भंडारी समाजातील कार्यकर्ते. मुंबईतील गिरणीकामगारांच्या हिताच्या चळवळीशी त्यांचा आरंभापासून संबंध होता. इ. स. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनीच भूषविले होते. म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गाविषयीची त्यांची आस्था कौन्सिलात प्रवेश केल्यावर जडलेली नव्हती.

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी मांडलेला ठराव कौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास वापरू द्यावेत, अशी त्यात शिफारस होती. या ठरावाचे मोल ठरविताना तत्कालीन मतदारसंघाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये मताधिकार मालमत्तेवर आधारलेला होता. अस्पृश्य वर्गास निवडणुकीची स्वतंत्र जागा नव्हती, सरकारनियुक्त सभासदावरच त्यांची भिस्त होती. ज्यांच्याकरिता हा ठराव होता त्यांच्या हाती उपकाराची फेड करण्याजोगी मते जवळजवळ नव्हती. तेव्हा त्यामागे मतांच्या लाभाचा हिशेब असेल असे मानण्यास फारसा आधार उरत नाही.

तथापि कौन्सिलाचा ठराव ही केवळ शिफारस असे. ता. ११ सप्टेंबर १९२३ च्या आज्ञेने सरकारने आपल्या ताब्यातील स्थळांपुरती अंमलबजावणी करण्यास खातेप्रमुखांस सांगितले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र, ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे की काय याचा विचार करण्याचा सल्ला जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना द्यावा, एवढ्यावरच भागविले. गावोगावचे पाणवठे तर मुख्यतः याच संस्थांच्या अखत्यारीत होते. सल्ला मिळाला, पण पाणी मिळाले नाही.

बोले यांचे वेगळेपण येथे प्रत्ययास येते. आपला ठराव निष्फळ होत आहे हे पाहून ता. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका व लोकलबोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारतील त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्याची मागणी होती. पहिला ठराव विवेकबुद्धीस आवाहन करणारा होता. दुसऱ्याने तिजोरीवर बोट ठेवले. सुधारणेच्या विरोधकांना खरा धाक कशाचा वाटतो हे ओळखल्याचा तो पुरावा होय.

कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने ता. ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे सर्वांस खुले केले. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे या निर्णयामागील प्रमुख व्यक्ती. तरीही पुढील तीन वर्षे स्थानिक सवर्णांच्या विरोधामुळे तो निर्णय कागदावरच राहिला. ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा ठरावास प्रथम अर्थ आला. परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली, आणि ता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा निर्णय रद्द केला. टिपणीस मात्र मागे फिरले नाहीत. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी १७ मार्च रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या दाव्याचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. तो तळ्याच्या मालकीवर व अनादी रूढी सिद्ध न झाल्यावर आधारलेला होता. कौन्सिलाच्या ठरावाने तो हक्क निर्माण केला असे न्यायालयाने म्हटले नाही.

मग बोले यांच्या ठरावांनी साधले काय? पाणी त्यांनी मिळवून दिले नाही. ते ज्यांनी ओंजळीत घेतले त्यांनी त्याची किंमत स्वतः मोजली. परंतु महाडला जमलेले लोक कौन्सिलाने व नगरपालिकेने मान्य केलेली गोष्ट बजावीत होते, हे त्या ठरावांमुळे निर्विवाद झाले. याचना आणि हक्काची बजावणी यांतील अंतर लहान नसते.

या वृत्तांतावरून पुरोगामी प्रतिनिधीची पारख करण्याच्या तीन खुणा सांगता येतील. ज्यांच्याकडून परतफेडीची आशा नाही त्यांचा प्रश्न तो हाती घेतो काय. ठराव संमत झाल्याच्या समाधानात न राहता त्याची अंमलबजावणी होते की नाही हे पाहण्यास तो परत येतो काय. आणि पीडित लोक स्वतः पुढे सरसावले असता तो त्यांच्या बाजूस टिकतो काय. पहिल्या दोहोंचे उदाहरण बोले यांच्या कार्यात, तर तिसऱ्याचे टिपणीसांच्या वर्तनात आढळते. समर्थन द्यावयाचे ते अशा वर्तनास. मात्र ते देताना महाडच्या लोकांप्रमाणे तळ्यापर्यंत स्वतः चालत जाण्याची जबाबदारी प्रतिनिधीवर सोपविता येत नाही, हेही या इतिहासाने तितक्याच स्पष्टपणे दाखविले आहे.